ओहायोच्या रानासाठी ठासणीची पहिली बंदूक आणि तिच्यावरचा स्कोप

कुडाळजवळच्या आमच्या घरात माडीवर खुंटीला आजोबांची ठासणीची बंदूक टांगलेली असायची. शेती संरक्षणाच्या परवान्यावरची. भातात डुकरं शिरली की रात्री ते एक बार काढायचे आणि सकाळी पडवीत बसून गरम पाण्याने नळी धुवायचे. हात लावायची आम्हा पोरांना परवानगी नव्हती, पण ठासताना शेजारी बसता यायचं. प्रत्येक वेळी ते मोठ्याने म्हणायचे, "आदी दारू, मगे गोळी."

अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबसला आल्यावर कितीतरी वर्षांनी शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांच्या गॅरेजमध्ये 'मझललोडर' म्हणून एक बंदूक दाखवली आणि मी नळीत ठासायचा गज बघूनच ओळखली. ही तर आपली ठासणीची. त्यांच्याच हाताखाली मी शिकलो आणि आता नऊ मोसम झाले. दर डिसेंबरात ओळखीतलं कोणीतरी विचारतं, पहिली कुठली घेऊ? त्या सगळ्यांना फोनवर सांगतो ते इथे एकदा नीट लिहून ठेवतो.

एक गोष्ट आधी स्पष्ट सांगतो. हे सगळं ओहायोतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल आहे. तिथे हरणांची संख्या सरकार शिकारीच्या परवान्यांतूनच आटोक्यात ठेवतं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. सुट्टीत गावी गेल्यावर कोणाच्या डोक्यात काही येऊ नये म्हणून हे लिहिलं.

कायद्याचं पुढचं थोडक्यात. ओहायोत ठासणीचा खास मोसम जानेवारीच्या सुरुवातीला, ४ दिवसांचा. बंदूक .३८ कॅलिबर किंवा त्याहून मोठी हवी. पहिला परवाना काढताना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, अंगावर शिकारीचा भगवा-नारिंगी जॅकेट किंवा बिनबाह्यांचा व्हेस्ट लागतो आणि दुसऱ्याच्या जमिनीवर जायचं तर मालकाची लेखी परवानगी लागते. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर तिथलं पुस्तक उघडल्याशिवाय एक डॉलरही खर्च करू नका. कोलोरॅडोत ठासणीच्या मोसमात स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, चालत नाही, सॅबो, म्हणजे गोळीभोवतीचं प्लास्टिकचं टोपण, चालत नाही, दारूच्या तयार वड्या चालत नाहीत. पेनसिल्व्हेनियात नाताळनंतरचा मोसम फक्त फ्लिंटलॉकचा, म्हणजे चकमकीच्या दगडाने पेटणाऱ्या बंदुकीचा असतो. मी पुढे सांगतोय ती बंदूक तिथे घेऊन गेलात तर घरी परत यावं लागेल.

व्हिसावर असलेल्यांसाठी आणखी एक. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्यात बंदी आहे, आणि शिकारीचा परवाना असणाऱ्याला तिच्यात सवलत आहे. बऱ्याचशा ठासणीच्या बंदुका केंद्रीय कायद्याच्या 'फायरआर्म' या व्याख्येत बसतच नाहीत. पण सगळ्या नाही: थॉम्पसन सेंटर एन्कोरसारखी, जिच्यावर काडतुसाची नळीही चढते, ती बंदूक साध्या रायफलीसारखीच धरली जाते. त्यातून प्रत्येक राज्याचे नियम निराळे. एच-वन-बी वर असाल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, मग दुकानात जा. मी स्वतः ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत थांबलो होतो.

आता मुद्द्याचं. बंदूक निवडायला दुकानात जायच्या आधी रानात जा. जिथे बसणार आहात त्या झाडाखाली उभे राहा आणि चारी बाजूंना हरीण जास्तीत जास्त किती लांब दिसू शकेल ते मोजा. रेंजफाइंडर नसेल तर पावलं मोजा. यार्ड म्हणजे आपला कापडाचा वार, मोठं एक पाऊल. मी हॉकिंग काउंटीत बसतो, जिथे आपली मंडळी धबधबे बघायला जातात त्याच डोंगरांच्या पलीकडे. तिथे माझ्या जागेवरून सगळ्यात लांबची मोकळी फट ७० यार्डांवर आहे. नऊ वर्षांत मी ९० यार्डांपलीकडे एकही बार टाकलेला नाही. हा आकडा हातात असला की दुकानदार २५० यार्डांच्या गोष्टी सांगायला लागला तरी तुमचा पैसा खिशात राहतो. ज्यांचं रान म्हणजे मक्याच्या कापलेल्या शेताची कड, त्यांचा आकडा १५० निघेल. त्यांनी त्या हिशेबाने वाचावं.

पहिली बंदूक इनलाइन घ्या, .५० कॅलिबरची. इनलाइन म्हणजे जिचा प्रायमर, दारू पेटवणारी छोटी टोपी, नळीच्या बरोबर मागे, एका रेषेत बसतो. जुन्या पद्धतीत ठिणगी बाजूच्या भोकातून वळून आत जायची आणि दमट हवेत रुसायची. १९८५ मध्ये मिसूरीच्या टोनी नाइट यांनी एमके-८५ आणली आणि तिथून या तऱ्हेच्या बंदुकीचा खप वाढला. आजच्या बहुतेक इनलाइन बंदुकांत शॉटगनचा २०९ प्रायमर लागतो. .५० च का? कारण गोळ्या, सॅबो, साफसफाईची कापडं, सगळं याच मापात कुठल्याही गावच्या दुकानात मिळतं.

नळीतले आटे बघा. २८ इंचांत एक वेढा, म्हणजे १:२८, असं लिहिलेलं असेल तर ती सॅबोतल्या लांबट गोळीसाठी आहे. १:४८ किंवा त्याहून संथ वेढा असेल तर ती कापडात गुंडाळलेल्या गोल गोळीकडे झुकलेली. जुन्या बाजारात सुंदर लाकडी दस्त्याची बंदूक स्वस्तात दिसते, मन जातं, आणि घरी आल्यावर कळतं की सॅबो तिच्यातून नेमावर जात नाही. जुनी घेणारच असाल तर ब्रीच प्लग, म्हणजे नळीचं मागचं बूच, काढून, टॉर्च लावून नळीत आरपार बघा. दारूच्या राखेने खाल्लेली नळी आतून उंबरावर किडी लागल्यासारखी दिसते. ती कितीही स्वस्त असली तरी सोडा.

नव्यांत सीव्हीए कंपनीच्या तीन पायऱ्या आहेत: वुल्फ, ऑप्टिमा आणि अॅक्युरा. स्पेनमध्ये बनतात. ट्रॅडिशन्स कंपनीच्या बकस्टॉकर आणि परस्यूट याही त्याच वर्गातल्या. माझ्याकडे २६ इंच नळीची ऑप्टिमा आहे. पहिल्यांदा घेणाऱ्याला मी वुल्फ किंवा ऑप्टिमा सांगतो आणि वाचलेले पैसे स्कोपवर घालायला सांगतो. ७० यार्डांवर महाग नळीचा फरक हरणाला कळत नाही, तुम्हालाही कळणार नाही. फक्त दोन गोष्टींवर तडजोड नको. एक, शक्यतो स्टेनलेस नळी घ्या, कारण दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि एका रात्रीत गंज धरतो. दोन, ब्रीच प्लग पान्याशिवाय, बोटांनी फिरवून निघायला हवा. दुकानात उभ्या उभ्या काढून बघा. थंडीने बोटं आखडलेली असतात तेव्हा याची किंमत कळते. बंदूक खांद्याला लावूनही बघा, जाड जॅकेट घालून. दस्ता काखेत अडकत असेल तर छोट्या मापाचा दस्ता मागा. माझ्या पत्नीने तसाच घेतला.

दारूबद्दल जरा सावकाश वाचा, कारण माणसं इथेच चुकतात. आजची दारू तीन तऱ्हांची समजा: पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन आणि ब्लॅकहॉर्न २०९. पायरोडेक्स आणि ट्रिपल सेव्हन सुटीही मिळते आणि ५० ग्रेनच्या वड्यांतही. दोन वड्या टाकल्या की १०० ग्रेन, मोजमाप नको. ब्लॅकहॉर्न सुटीच येते, नळी कमी खराब करते, पण तिला जोरदार २०९ प्रायमर आणि तिला चालणारा ब्रीच प्लग लागतो. आणि ती पाण्याने धुतली जात नाही, सॉल्व्हंट लागतो.

ग्रेन हे सोनाराच्या गुंजेसारखं वजनाचं माप, एका गुंजेत जवळजवळ २ ग्रेन बसतात. पण ठासणीत दारूचे ग्रेन आकारमानाने मोजतात, काळ्या दारूच्या मापाने, वजनाने नाही. ब्लॅकहॉर्नचं मापातलं १०० ग्रेन तराजूवर साधारण ७० भरतं. कोणी तराजूवर १०० तोलून नळीत घातली तर ती मर्यादेच्या बरीच पुढे जाते. म्हणून पितळी मापपात्र घ्या आणि दारू कायम आधी त्यात आणि मग नळीत ओता, डब्यातून सरळ कधीही नाही. नळीत ठिणगी राहिली असेल तर हातात अख्खा डबा पेटेल. काडतुसातली बिनधुराची स्मोकलेस दारू या बंदुकीत चिमूटभरही चालत नाही. नळी फुटते, आणि ती तोंडाशेजारी फुटते.

माझं माप ठरलेलं आहे: ट्रिपल सेव्हन १०० ग्रेन मापाने, आणि सॅबोतली २५० ग्रेनची गोळी. बंदुकीच्या पुस्तकात बहुधा १५० ग्रेनपर्यंत मुभा दिलेली असते. त्या वाटेला जाऊ नका. धक्का वाढतो, माणूस चाप ओढताना डोळे मिटायला लागतो आणि नेम जातो. ट्रिपल सेव्हनची एक खोड आहे: गोळी बसते त्या जागेवर राखेचं कडं धरतं आणि दुसरी गोळी तिथे अडते. त्यावर मवाळ २०९ प्रायमर वापरा आणि दोन बारांच्या मध्ये एक ओलसर आणि एक कोरडं कापड फिरवा. रेंजवर हे प्रत्येक बारानंतर करा, कारण रानात तुमचा पहिला बार स्वच्छ नळीतूनच जाणार आहे.

आता स्कोप. माझा पहिला स्कोप मी स्वस्त बघून घेतला. त्याच्यातून चित्र पूर्ण दिसायला डोळा पावणेतीन इंचांवर आणावा लागायचा. पहिल्याच बाराला कडी भुवईवर आली, तीन टाके पडले, आणि त्यानंतरचे दोन महिने मी चाप ओढताना आधीच मान मागे घ्यायचो. ती सवय मोडायला अख्खा उन्हाळा गेला. म्हणून स्कोपच्या खोक्यावर सगळ्यात आधी 'आय रिलीफ', म्हणजे डोळा आणि स्कोप यांच्यातलं हे अंतर, वाचा. साडेतीन इंचांपेक्षा कमी असेल तर खाली ठेवा, चारच्या जवळ असेल तर उत्तम. .२२ साठी बनवलेला स्कोप तर नकोच, तो या धक्क्यासाठी नसतो.

मग किती पट? रानात बसणाऱ्याला २-७x३२ (म्हणजे २ ते ७ पट, पुढचं भिंग ३२ मिलिमीटर), मोकळ्या शेताच्या कडेला बसणाऱ्याला ३-९x४०. याहून मोठा घेऊ नका. हरीण दाट झाडीतून ३० यार्डांवर अचानक उभं राहतं. त्या वेळी स्कोप ९ पटीवर असेल तर आत नुसते तपकिरी केस दिसतात, मान की मांडी ते कळत नाही. मी मचाणावर चढलो की आधी पट कमीत कमी करतो, मग बाकी सगळं.

उजेडाचं गणितही सोपं आहे, ते मुलाला शिकवावं तसं सांगतो. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट म्हणजे डोळ्यापर्यंत येणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा आकार. ४० भागिले ९ म्हणजे साडेचार मिलिमीटर. ४० भागिले ४ म्हणजे १०. संधिप्रकाशात माणसाची बाहुली साधारण ५ ते ७ मिलिमीटर उघडते. म्हणजे संध्याकाळी ९ पटीवर तुम्ही स्वतःच उजेड कमी करून बसलात, ४ वर आलात की हरणाच्या खांद्यामागची घडी पुन्हा दिसायला लागते. ओहायोत सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार करता येते, आणि हरणं निघतात ती नेमकी त्याच दोन अर्ध्या तासांत. दुकानात ट्यूबलाइटखाली सगळे स्कोप सारखेच दिसतात. दुकानदाराला विनंती करून दारात या आणि पार्किंगच्या पलीकडच्या झाडाच्या सावलीत बघा. संध्याकाळी गेलात तर फारच चांगलं.

आतली रेघ साधी ड्युप्लेक्स असू द्या, कडेला जाड आणि मध्ये बारीक. खाली टिंबांची उतरंड असलेल्या रेघा विशिष्ट वेगासाठी आखलेल्या असतात, तुमच्या दारूचा वेग तो असेलच असं नाही. व्हॉर्टेक्स क्रॉसफायर टू किंवा ल्युपोल्ड व्हीएक्स-फ्रीडम या दर्जाचं भिंग पहिल्या बंदुकीला पुरतं. बंदुकीइतके नाही तरी तिच्या निम्म्याहून अधिक पैसे स्कोपवर जाऊ द्या, हे माझं ठाम मत आहे.

चढवताना घाई नको. बैठकीचे स्क्रू तेल पुसून, निळा थ्रेडलॉकर लावून बसवा. स्कोप सैल ठेवून, जाड जॅकेट घालून, डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा. डोळे उघडल्यावर चित्र पूर्ण गोल दिसेपर्यंत स्कोप पुढे-मागे सरकवा. उभी रेघ सरळ आहे का हे बघायला मी गवंड्याचा ओळंबा वापरतो. अंगणात दोरी टांगायची, बंदूक आडव्या पातळीत स्थिर करायची आणि रेघ दोरीवर आणायची. मग कड्यांचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळा.

नेम बसवायला आम्ही ओहायोतल्याच डेलावेअर गावाजवळच्या सरकारी रेंजवर जातो. सुरुवात २५ यार्डांवर करा. बहुतेक स्कोपांत नेम सरकवायची चकती फिरवताना येणारी एक टिचकी म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच. म्हणजे १०० वर एका इंचाला ४ टिचक्या, पण २५ वर एका इंचाला १६. गोळी २५ वर दोन इंच उजवीकडे पडली तर ३२ टिचक्या डावीकडे. लोक ८ फिरवतात आणि स्कोपला दोष देतात. २५ वर मधोमध आली की १०० वर जा आणि तीन-तीन गोळ्यांचे गट काढा, दोन बारांत नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबून. मी १०० वर दीड इंच वर ठेवतो. माझ्या मापाने ती १५० वर साधारण ३ इंच खाली पडते. हरणाच्या छातीतली मर्माची जागा सुमारे ८ इंचांची असते, त्यामुळे तिथपर्यंत मला नेम वरखाली करावा लागत नाही. तुमचा आकडा तुमच्या बंदुकीने कागदावर दाखवला पाहिजे.

ठासायची रीत मात्र कायम एकच, आणि ती मी अजून आजोबांसारखी मोठ्याने म्हणत करतो. पहिल्या दिवशी रिकाम्या नळीत गज टाका आणि नळीच्या तोंडाशी गजावर काळी खूण करा. मग दारू आणि गोळी पूर्ण ठासून झाल्यावर दुसरी खूण, लाल. पुढे प्रत्येक वेळी गज बघूनच कळतं की नळी रिकामी आहे की भरलेली, आणि गोळी तळाशी बसली आहे की मध्ये अडकली आहे. गोळी आणि दारूमध्ये पोकळी राहिली तर नळीला धोका असतो. एकदा रेंजवर गप्पांच्या नादात मी दारू विसरून नुसती गोळी ठासली. गज लाल खुणेच्या बराच खाली उतरला आणि मी तिथेच थांबलो. ब्रीच प्लग काढून गोळी ढकलून बाहेर काढली. खूण नसती तर दुसऱ्याच कशाचा तरी शोध घेत बसलो असतो. प्रायमर सगळ्यात शेवटी, नेमाच्या जागी पोचल्यावर. चाप ओढूनही बार निघाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला ठेवून पूर्ण एक मिनिट थांबा, कारण आत दारू धुमसत असू शकते.

जानेवारीची थंडी हा वेगळाच विषय आहे. पहिल्या मोसमात ठासलेली बंदूक रात्री मी उबदार घरात आणली. सकाळी उणे १० सेल्सियसला बाहेर नेली. आठ टोकांचा नर ४० यार्डांवर उभा, आणि बंदूक नुसती 'टक्' म्हणाली. थंड लोखंड गरम घरात आलं की पावसाळ्यातल्या फरशीसारखा घाम सुटतो आणि दारू भिजते. तेव्हापासून मोसमात माझी बंदूक प्रायमर काढून, कुलूपबंद पेटीत, गार गॅरेजमध्येच राहते. नळीच्या तोंडावर चिकटपट्टीचा एक तुकडा लावतो, बर्फ आत जात नाही आणि बार त्यातूनच सुटतो. सकाळी ठासायच्या आधी, नळी रिकामी आहे हे गजाने बघून आणि ती सुरक्षित दिशेला धरून एक नुसता प्रायमर फोडतो, म्हणजे वाटेतलं तेल जळून जातं.

बार झाल्यावर समोर पांढऱ्या धुराची भिंत उभी राहते आणि हरीण दिसेनासं होतं. म्हणून चाप ओढायच्या आधीच ते कुठल्या झाडाशेजारी उभं आहे ते मनात धरा. बार झाला की वाकून धुराखालून बघा, कुठल्या बाजूला गेलं ते. मग जागेवरच पुन्हा ठासा आणि अर्धा तास बसून राहा. त्या झाडापाशी जाऊन रक्ताचा पहिला थेंब सापडला की तिथे एक नारिंगी फीत बांधा आणि पुढचा थेंब शोधा.

घरी आल्यावर त्याच रात्री नळी धुवायची, कितीही दमलात तरी. ट्रिपल सेव्हनला गरम पाणी आणि थोडा भांड्यांचा साबण पुरतो. नळी कोरडी करून तेलाचा हात द्या आणि ब्रीच प्लगच्या आट्यांना अँटी-सीझ ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वर्षी तो निघत नाही. माझी मुलगी आता गज धरते. स्वयंपाकघरात तोवर पत्नीने हरणाचं मटण मालवणी मसाल्यात शिजत घातलेलं असतं.